जोर बाहेरच्या कडीवर

पुढच्या चाकाचे बेअरिंग एका दिवसात जात नाही. आधी ताशी साठ किलोमीटरच्या पुढे बारीक घुमणारा आवाज येऊ लागतो, पुढे तो पन्नाशीला ऐकू येतो, मग चाळिशीला, आणि शेवटी मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो. आमची जुनी स्विफ्ट या शेवटच्या टप्प्याला आली होती. तिच्या डाव्या चाकाचे बेअरिंग यापूर्वी एकदा एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते आणि ते उजव्या बाजूच्या मूळ बेअरिंगच्या मानाने फारच लवकर वाजू लागले. म्हणून या वेळी गाडी कुणाच्या स्वाधीन न करता दोन्ही बाजू स्वतः खोलायच्या, प्रत्येक काम डोळ्यांदेखत करायचे आणि ते डावे बेअरिंग का टिकले नाही हेही पाहायचे, असे मी ठरवले. बेअरिंग दाबून काढण्या-बसवण्याचे यंत्र, म्हणजे प्रेस, घरी नसल्यामुळे तेवढे एक काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. बाकीचे सगळे काम कळंब्याकडच्या आमच्या घराच्या दारात, कोब्यावर झाले. मदतीला पुतण्या होता.

खोलण्याआधी निदान पक्के असणे फार आवश्यक आहे, कारण असा आवाज टायरचाही असतो आणि गिअरबॉक्सचाही. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. गुळगुळीत डांबरावर तो कमी होतो आणि खडबडीत रस्त्यावर वाढतो. बेअरिंगचा संबंध फक्त चाकाच्या वेगाशी आणि त्यावरच्या भाराशी असतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून इंजिन मंद होऊ दिले तरी आमच्या गाडीतला आवाज तसाच राहत होता, त्यामुळे इंजिनाचा प्रश्न निकालात निघाला. बाजू ओळखायला पन्हाळ्याचा रस्ता उपयोगी पडला. वाघबीळ सोडून गाडी वर चढू लागली की वळणे सुरू होतात. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो आणि डावे बेअरिंग खराब असेल तर त्याचा आवाज वाढतो. डाव्या वळणावर याच्या उलट होते. आमच्या गाडीत उजव्या वळणावर स्पष्ट घरघर येत असे आणि डाव्या वळणावर ती मंदावत असे, पण पूर्ण थांबत मात्र नसे. ती पूर्ण थांबत नव्हती, यावरूनच उजव्या बाजूबद्दलही संशय आला.

त्यानंतर गाडी उचलून टेकूच्या स्टँडवर घेतली आणि चाक हाताने तपासले. वर आणि खाली धरून चाक हलवले असता ते लुळे वाटले, तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट ढिला असतो. दोन्ही बाजूंना धरून हलवल्यावर खेळ, म्हणजे ढिली हालचाल, जाणवला, तर संशय स्टीअरिंगच्या टाय रॉड एंडवर जातो. आमच्या गाडीत दोन्हीकडे काहीच खेळ नव्हता. खेळ नाही म्हणजे बेअरिंग चांगले आहे, असे अनेक जण मानतात, पण या प्रकारच्या बेअरिंगमध्ये तसे म्हणता येत नाही. त्यात गोळ्यांच्या दोन ओळी असतात, आतली कडी दोन तुकड्यांची असते, आणि ॲक्सलचा नट आवळला की ते दोन तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन आतला सगळा ढिलेपणा नाहीसा होतो. त्यामुळे आतला पृष्ठभाग सोलवटला तरी खेळ बराच उशिरा येतो. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग हलकेच धरायची आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचे. चांगल्या बेअरिंगची स्प्रिंगला काहीच चाहूल लागत नाही. डाव्या बाजूला चाक फिरत असताना बोटांना एकसारखी खरखर जाणवत होती. उजव्या बाजूला तीच खरखर बारीक, पण निःसंशय होती. ज्या गाडीत खेळ येण्याइतके बेअरिंग गेले असेल, ती गाडी मात्र घाटात नेऊन असल्या परीक्षा घेऊ नयेत. तिथे ताबडतोब काम काढणे हेच योग्य.

बेअरिंग आणताना मी घाई केली नाही. या मालात बनावट डबे फार फिरतात. चिंचवडला कारखाना असलेली एसकेएफ किंवा जयपूरची एनबीसी यांच्यासारख्या नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांची हुबेहूब नक्कल केली जाते, आणि आतला माल बाहेरून पाहून ओळखता येत नाही. डब्यावरचा क्रमांक आणि बेअरिंगच्या कडीवर कोरलेला क्रमांक जुळतो का, कोरीव अक्षरे रेखीव आहेत का, सीलची कड एकसारखी आहे का, हे दुकानातच पाहावे, पक्के बिल घ्यावे आणि इतरांपेक्षा फारच स्वस्त देणाऱ्याकडे जाऊ नये. बेअरिंगबरोबर नवी सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगसारखी कडी, आणि ॲक्सलचा नवा नट घेतला. हा नट बसवल्यावर त्याची कड ठोकून शाफ्टच्या खाचेत बसवलेली असते. एकदा उघडलेला नट पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. आमच्या गाडीला एबीएस नाही. ज्या गाड्यांना आहे, त्यांपैकी काहींच्या बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलवरच सेन्सरसाठी चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे आली नाही, तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

सर्वांत पहिला नट सुटतो तो ॲक्सलचा, आणि तो चाके जमिनीवर असतानाच ढिला करायचा. मधले झाकण काढून, नटाची ठोकलेली कड बारीक छन्नीने उचलून, हँडब्रेक ओढून आणि पुतण्याला ब्रेकवर बसवून लांब टॉमीने, म्हणजे दांडीने, मी तो नट हलवला. या नटाला लागणारा जोर इतका असतो, की गाडी स्टँडवर असताना कुणी त्यावर लटकला तर गाडी स्टँडवरून घसरू शकते. त्यानंतर चाकाचे नट ढिले केले, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलली आणि स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालू नये, आणि विटांवर तर नाहीच. वीट तडकते तेव्हा आधी सांगत नाही.

पुढचे खोलकाम नेहमीचे आहे. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग, सोडवून तो तारेने स्प्रिंगला बांधला, कारण तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत राहिला तर नळी आतून फाटते. डिस्क काढली. टाय रॉड एंडची स्प्लिट पिन काढून नट शेवटच्या आट्यांपर्यंत आणला आणि नकलच्या, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या ओतीव भागाच्या, कानावर बाजूने हातोड्याचे दोन सणसणीत ठोके दिले. निमुळता खिळा आपोआप सुटतो, रबराचे बूटही फाटत नाही. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट अर्धवट काढून भागत नाही, तो त्या जॉइंटच्या खाचेतून आरपार गेलेला असल्याने पूर्ण बाहेर काढावा लागतो. स्ट्रटच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या खांबाच्या, दोन बोल्टांभोवती पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, म्हणजे नकल जवळजवळ त्याच कोनात परत बसते. चाकाला फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागातून, बाहेर येईना, तेव्हा नट त्याच्या टोकाशी समपातळीत ठेवून वर लाकडाचा ठोकळा धरून ठोकले. शाफ्ट सुटल्यावर मात्र तो ओढू नये. आतला जॉइंट निसटला तर एका कामाची दोन कामे होतात. शाफ्टही तारेने टांगून ठेवला.

नकल हातात आली की तिचे वजन आश्चर्य वाटावे इतके असते. हा भाग एस. जी. आयर्नचा, म्हणजे गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या चिवट बिडाचा असतो; साधे बीड इतके हादरे सोसताना तडकले असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून वाहनांचे असले भाग ओतले जातात, आणि त्यामुळेच कोल्हापुरात या धातूची नस ओळखणारी माणसे जवळच सापडतात. उद्यमनगरातल्या ज्या मेस्त्रींकडे आम्ही दोन्ही नकल घेऊन गेलो, त्यांनी प्रेसला हात लावण्याआधी नकल उजेडात फिरवून पाहिली, कान ठोकून आवाज ऐकला आणि मगच ती प्रेसखाली ठेवली.

हब प्रेसने बाहेर आला तेव्हा, नेहमी होते तसे, आतल्या कडीचा बाहेरचा अर्धा भाग हबवरच घट्ट बसून आला. तो काढताना हबचा घासून गुळगुळीत केलेला भाग खरचटू नये हे फार महत्त्वाचे. मेस्त्रींनी ग्राइंडरने कडीवर एक तिरपी खाच पाडली, ती आरपार जाऊ दिली नाही, आणि खाचेत छन्नी ठेवून एकच ठोका दिला. कडक पोलादाची कडी टिचली आणि हातात आली. हबवर ओरखडा नव्हता. कडी हबवर घसरत फिरली असती तर तिथे निळसर, चकचकीत पट्टा उमटला असता आणि हबही बदलावा लागला असता. त्यानंतर सर्क्लिप निघाली आणि बाहेरची कडी नकलमधून प्रेसने काढली.

ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला, ते इथे पाहायला मिळाले. दोन्ही बाजूंची बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन आम्ही दुपारच्या उन्हात शेजारी शेजारी ठेवली. उजव्या बाजूचे मूळ बेअरिंग वयाने आणि पाण्याने गेले होते. त्याच्या ग्रीसला तांबूस तपकिरी रंग आला होता आणि गोळ्या धावतात त्या मार्गावर खसखशीएवढे खड्डे विखुरलेले होते, त्यात काही नियम नव्हता. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे होणारच. घाट उतरून तापलेला हब रस्त्यावरच्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने ओलावा आत ओढला जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर ज्यांच्या गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांच्या बेअरिंगमध्ये काय उरले असेल ते वेगळे सांगायला नको. वॉशिंग सेंटरवर चाकाच्या मध्यावर जवळून मारलेला पाण्याचा झोतही हेच करतो, आणि ते टाळणे आपल्या हातात आहे.

डाव्या बाजूचे बेअरिंग वेगळेच होते. त्याच्या ग्रीसमध्ये पाण्याचे नाव नव्हते. ते धातूच्या भुकटीने करडे झाले होते. आणि गोळ्यांच्या बाहेरच्या ओळीच्या मार्गावर, एका कडेला, सारख्या अंतरावर लहान लहान ठसे उमटले होते. कंपासने अंतर मोजले तर दोन शेजारच्या गोळ्यांमधले अंतर नेमके तेवढेच निघाले. म्हणजे चाक फिरत नसताना, एका जागी उभ्या असलेल्या प्रत्येक गोळीने कडीत आपला ठसा उमटवला होता. हे ठसे आत्ता प्रेसवर काढताना पडले असावेत, अशी शंका येऊ शकते. पण काढताना ओढ बसते ती आतल्या ओळीवर, आणि शिवाय या ठशांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, काही ठिकाणी तिथूनच पृष्ठभाग सोलवटायला सुरुवात झाली होती. ते बेअरिंग बसवले त्या दिवशीच दुखावले गेले होते. मेस्त्रींनी ते बोटाने फिरवून पाहिले आणि म्हणाले, "ह्ये हातोड्यानं बसवलंय बघा, दादा. बसवताना जोर भाइरच्या रिंगवर बसाय पायजे. आतल्या रिंगवर ठोकलं की तो ठोका गोळ्या खातात."

बेअरिंग बदलण्यातले सगळे मर्म या वाक्यात आहे, आणि म्हणून ते जरा उलगडून सांगतो. नवे बेअरिंग नकलमध्ये शिरताना घर्षण होते ते त्याच्या बाहेरच्या कडीला. तेव्हा प्रेसचा दाबही बाहेरच्या कडीवरच द्यायला हवा. तोच दाब आतल्या कडीवर दिला, तर तो बाहेरच्या कडीपर्यंत पोहोचतो तो गोळ्यांमधून, आणि गोळी कडीला टेकते तो ठिपका इतका लहान असतो की काही टनांच्या दाबाखाली तिथे ठसा पडल्याशिवाय राहत नाही. पुढच्या टप्प्यात नियम उलटतो. हब बेअरिंगमध्ये दाबताना घर्षण आतल्या कडीला होते. म्हणून त्या वेळी नकल नुसती टेबलावर टेकवून चालत नाही, तर पलीकडच्या बाजूने आतल्या कडीखाली मापाची नळी किंवा गोटी (पान्याचे सॉकेट) ठेवून तिला टेका द्यावा लागतो. ज्या कडीला घर्षण, त्याच कडीला आधार, एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. प्रेसऐवजी जाड आट्यांचा बोल्ट आणि वायसर वापरून घरीही हे काम करता येते, पण नियम तिथेही हाच राहतो. हातोड्याला मात्र यात जागा नाही.

नकलमधले छिद्र बारीक एमरी पेपरने साफ करून, कापडाने पुसून, बोट फिरवून पाहिले; गंजाचा एखादा कण राहिला तरी कडी तिरकी शिरते. नवी बेअरिंग मी आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती आणि थर्मासच्या डब्यातून उद्यमनगरात नेली. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या पोलादी कडीचे तापमान ५० अंशांनी उतरले तर तिचा व्यास सुमारे चार शतांश मिलिमीटरने घटतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण कडी छिद्राहून मोठी असते तीच मुळी अशा शतांशांत, त्यामुळे बेअरिंग निम्म्या कष्टात आत सरकते. पिशवी न विसरणे महत्त्वाचे, नाहीतर थंड धातूवर दव साचते. मेस्त्रींनी जुन्याच बेअरिंगची बाहेरची कडी घासून थोडी सैल केली आणि तीच दाब द्यायला वापरली. प्रेसचा काटा हळूहळू चढत गेला. तो मध्येच उसळला असता तर बेअरिंग तिरके शिरते आहे असे समजून थांबायचे होते. तसे झाले नाही. कडी तळाला टेकली तेव्हा काटा एकदम वर गेला, आणि मेस्त्रींनी त्याच क्षणी हात काढला. सर्क्लिप आपल्या खाचेत पूर्ण बसली की नाही हे तिला पक्कडीने फिरवून पाहिले. मग आतल्या कडीला टेका देऊन हब बसवला. हाताने फिरवला तेव्हा तो थोडा जड, पण अगदी एकसारखा फिरत होता. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यातूनच मोजून भरलेले असते. त्यात वरून आणखी भरू नये आणि नवे बेअरिंग डिझेलने धुऊ तर मुळीच नये.

घरी आल्यावर जोडणी उलट्या क्रमाने केली. शाफ्टचे दाते पुसून हलके ग्रीस लावले, टाय रॉडला नवी स्प्लिट पिन घातली, स्ट्रटचे बोल्ट खुणांवर आणून आवळले. एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष दिले. ॲक्सलचा नट पुरेसा आवळलेला नसताना नव्या बेअरिंगवर गाडीचा भार टाकू नये, आणि गाडी हातभरही ढकलू नये. तो नट म्हणजे नुसते बंधन नसून बेअरिंगचे दोन अर्धे भाग एकत्र दाबून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे. म्हणून गाडी स्टँडवर असतानाच पुतण्याने ब्रेक दाबून धरला आणि मी नट बराचसा आवळला; चाक लावून गाडी खाली घेतल्यावर टॉर्क पान्याने दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत नेला. हे काम अंदाजाने किंवा हवेच्या गनने करू नये. कमी आवळला तर कड्या घसरतात, जास्त आवळला तर गोळ्यांवर कायमचा ताण राहतो, आणि दोन्हीचा शेवट त्याच घरघरीत होतो. नटाची कड पोगराने शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवली. चाकाचे नट ८५ न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत दाबून घेतले, कारण कॅलिपर काढताना पिस्टन मागे गेलेला असतो आणि पहिला ब्रेक रिकामा जाऊ शकतो.

चाचणीसाठी पुन्हा वाघबीळच्या वरची वळणे गाठली. उजव्या वळणावर, डाव्या वळणावर, क्लच दाबून, क्लच सोडून, कुठेही घरघर नव्हती. आता मागच्या टायरचा आवाज वेगळा ऐकू येत होता, जो इतके दिवस त्या घरघरीखाली दबला होता. परत आल्यावर दोन्ही हबांजवळ हात धरून ऊब सारखीच आहे ना ते पाहिले. नवे बेअरिंग किंचित तापते, पण एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग ताणाखाली आहे असे समजावे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घेतली. पांढऱ्या खुणांमुळे डाव्या बाजूला काहीच बदल करावा लागला नाही. उजव्या बाजूचा टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, थोडा सरकला होता, तो तिथे बरोबर करून दिला. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले, आणि ॲक्सलच्या नटाची ठोकलेली कड खाचेतच आहे ना, हेही झाकण काढून पाहून घेतले.